आतलं ठेवावं का बाहेरचं लावावं

आमच्या शहागडात कुणाच्या घरी पाहुणा गेला, की त्याला आधी पाणी विचारतात, मग चहा, मग तिकडचं पाऊसपाणी. माझे शेजारी भानुदासनाना यांच्याकडे गेला, की त्याला वेस्टगेट विचारतात.

"मला एक सांगा, आतलं ठेवावं का बाहेरचं लावावं?"

पाहुणा बिचारा पाण्याचा पेला हातात धरून तसाच बघत राहतो. हा प्रश्न नानांनी म्हशीला टोचायला आलेल्या डॉक्टरांना विचारला आहे. मतदार यादी घेऊन दारोदार फिरणाऱ्या अंगणवाडीच्या बाईंना विचारला आहे. माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला पंगतीत शेजारी बसलेल्या भटजींना तर त्यांनी असं काही पेचात पकडलं, की त्यांच्या पानातली बासुंदी तशीच राहिली. माणूस काहीही म्हणो, नानांचं उत्तर ठरलेलं असतं. आधी मान डोलवायची, म्हणायचं, "बराबर हाय तुमचं," आणि एक श्वास घेऊन पुढे, "पण दुसरी बाजू बी बघा ना."

हे ऐकून कुणाला वाटेल की नाना मुळातच धरसोड स्वभावाचे आहेत. तसं बिलकुल नाही. हायवेला लागून, घराला जोडूनच त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे आणि त्या गॅरेजात नानांइतका झटपट निर्णय घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. चालू इंजिनाला पान्हा टेकवायचा, त्याचं दुसरं टोक कानाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि चहा निवायच्या आत सांगायचं की दुसऱ्या नंबरचा पिस्टन गेला, खोला. खोलल्यावर दुसऱ्याच नंबरचा गेलेला निघतो. गेवराईपासून लोक ट्रॅक्टर ओढत आणतात ते काही उगाच नाही. गावातले वाद, भावाभावांच्या वाटण्या, कुणाच्या पोराला कोणत्या शाखेला घालायचं, सगळं नाना उभ्या उभ्या मिटवतात. फक्त स्वतःच्या गाडीचं तेवढं तीन वर्षं ठरत नव्हतं.

मी पडलो चटकन ठरवणारा माणूस. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत घंटा झाली की तास बदलला, तीच सवय. माझी स्कूटर मी दहा मिनिटांत पसंत केली आणि गेली अकरा वर्षं ढकलतो आहे, पण ठरवली एकदाची. त्यामुळे नानांचा हा घोळ मला फार खटकायचा. घरची भिंत एकच, त्यामुळे सुटकाही नव्हती.

आता ही काय भानगड आहे ते सांगायला हवं. मलाही ती नानांनीच समजावली आहे, निदान चाळीस वेळा. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा. त्या पंख्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. मग लहान इंजिनाच्या अंगात मोठ्या इंजिनाचं बळ येतं. याला टर्बो म्हणतात. पण हा जोर हाताबाहेर गेला तर इंजिनच फुटायचं. म्हणून जादा धूर पंख्याकडे न जाता बाजूनं निघून जावा यासाठी एक झडप ठेवतात, तिचं नाव वेस्टगेट. आम्ही सगळे कॅनॉलच्या पाण्यावरची माणसं, म्हणून नाना सांडव्याचं उदाहरण द्यायचे. "तळं भरलं की सांडव्यानं पाणी गेलं पायजे, न्हाई तर बांध फुटंल. टर्बोच्या पोटातच बारका सांडवा असतो, ते आतलं. आन् पाईपावर वेगळा, मोठा बसवायचा, ते बाहेरचं."

नानांची गाडी म्हणजे अंबडच्या एका डॉक्टरांनी वापरून टाकलेली पांढरी पेट्रोल गाडी. मागचा एक दरवाजा निळा आहे, कारण तो दुसऱ्या गाडीचा आहे. कंपनीतून ती निघाली तेव्हा तिला टर्बो नव्हता. तो बसवला अश्विनीनं, म्हणजे नानांच्या एकुलत्या एक मुलीनं.

आशू लहानपणापासून गॅरेजातच वाढली. माझ्या वर्गात होती. पाढे म्हणताना अडखळायची, पण वर्गातला बंद पडलेला पंखा तिनं चौथीत असताना खाली उतरवून चालू केला होता. पुढे जालन्याला डिप्लोमा केला. रोज सकाळी एस.टी.नं जायची, संध्याकाळी एस.टी.नं यायची आणि अंगावर बापाचा जुना शर्ट चढवून गाडीखाली शिरायची. शेवटच्या वर्षी तिनं भंगारात गेलेल्या एका जीपचा टर्बो आणला. इंजिनातून निघणारे चार नळ एकत्र आणणारा जो जोड असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात, तो तिनं स्वतःच्या हातानं पाईप कापून, वेल्डिंग करून घडवला. डॅशबोर्डवर दाब दाखवणारं एक गोल घड्याळ बसवलं आणि काटा जिथं थांबला पाहिजे तिथं नेलपॉलिशनं लाल रेघ मारली. गाडी चालू झाली तेव्हा नानांनी सगळ्या आळीला पेढे वाटले होते.

काटा मात्र रेघेवर थांबत नव्हता. आतली झडप पडली बारकी, त्यामुळे गाडी साठच्या पुढं गेली की काटा हळूहळू रेघ ओलांडून वर चढायचा आणि नाना पाय सोडायचे. आशूनं तेव्हाच सांगितलं होतं की याला बाहेरचं वेस्टगेटच लागणार. मग तिला चाकणला नोकरी लागली, टर्बो बनवणाऱ्या कारखान्यात, आणि पहिल्या पगारातून तिनं एक चकचकीत बाहेरचं वेस्टगेट कुरिअरनं घरी पाठवलं. ते खोकं नानांनी देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. तिथून पुढे तीन वर्षं ते तिथंच राहिलं.

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर नानांनी खडूनं दोन रकाने आखले होते. एकावर लिहिलं होतं 'आतलं', दुसऱ्यावर 'बाहेरचं'. बाहेरच्या रकान्यात दोनच ओळी होत्या: 'काटा थांबेल' आणि 'आशू म्हणते'. आतल्या रकान्यात मात्र दर आठवड्याला भर पडायची. जागा कमी आहे. तापलं तर वायरी जळतील. मोकळं सोडलं तर आवाज फार. आवाज बंद करायला पाईप फिरवला तर तो जमिनीला घासेल. शेजारी गुरुजी राहतात, त्यांना दुपारी झोप लागते. हे शेवटचं कारण वाचून मी नानांना म्हटलं की माझ्या झोपेची काळजी करू नका, तुमच्या या भिंतीनंच ती उडाली आहे. नाना म्हणाले, "बराबर हाय तुमचं, पण दुसरी बाजू बी बघा ना," आणि खाली बसून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, कारण वर जागा उरली नव्हती. दिवाळीला रंगकाम काढलं तेव्हा रंगाऱ्याला तेवढी भिंत सोडायला लावली.

एकदा आशूला बघायला बीडकडचे पाहुणे आले. पोहे झाले, नावगाव झालं, आणि नानांनी मुलाच्या वडिलांना प्रश्न टाकला. ते गृहस्थ हुशार. म्हणाले, तुम्ही ठरवाल ते योग्यच असणार. पाहुणे गेल्यावर नानांनी ते स्थळ मोडीत काढलं. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, "ज्या माणसाला स्वतःचं मत न्हाई, त्याच्या घरात पोरगी कशी द्यायची, गुरुजी?" हे बोलताना त्यांच्या पाठीमागे ती भिंत होती.

शेवटी माझाच धीर सुटला. माझा एक भाचा संभाजीनगरला गाड्यांचं असलंच काम करतो. त्याला मी एका रविवारी बोलावून घेतलं, नानांना न विचारता. तो सगळं सामान घेऊन आला, दोन तासांत बसवून देतो म्हणाला, मजुरीही नको म्हणाला. नानांनी त्याचं फार आगतस्वागत केलं. काकूंकडून, म्हणजे नानांच्या मंडळींकडून, वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी करवून घेतल्या. त्याच्यापुढे बॉनेट उघडलं. तो ग्राइंडर काढायला वाकला, तर यांनी बॉनेट बंद केलं आणि त्याला गोदावरीचा पूल दाखवायला घेऊन गेले. संध्याकाळी भाचा टोपलीभर मोसंबी घेऊन परत गेला. मी आठ दिवस नानांशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, मला सांगता येत नाही.

आशू वर्षातून दोन-तीनदा यायची. दिवाळीला, आखाजीला, कधी मध्येच जोडून सुट्टी आली तर. आल्या आल्या विचारायची, "बाबा, ठरलं का?" नाना म्हणायचे, अजून विचार करून राह्यलो. ती हसायची आणि म्हणायची, बरं, पुढच्या टायमाला बघू. मला त्या पोरीच्या सोशिकपणाचं कौतुक वाटायचं. तिच्या जागी मी असतो तर वेस्टगेट नदीत फेकलं असतं.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा फोन आला. कंपनी तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार होती. जाण्याआधी तीन दिवस घरी येते म्हणाली. काकूंनी ही बातमी मला कुंपणावरून सांगितली, डोळ्यांना पदर लावून आणि तरी हसत. दुपारी मी नानांचं अभिनंदन करायला गॅरेजात गेलो. ट्रॅक्टर एकही नव्हता. नाना गाडीचं बॉनेट उघडून नुसतेच उभे होते.

मी आपला नेहमीच्या सुरात म्हणालो, आता तरी ठरवा, नाना, पोरगी दोन वर्षं यायची नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही, 'बराबर हाय' म्हटलं नाही. म्हणाले, "गुरुजी, हिकडं या. इथं बोट लावा. गार हाय."

मी त्यांच्या बोटामागून बोट नेलं. गंजानं लालसर झालेला तो मॅनिफोल्ड, त्याच्या सांध्यावरून गेलेली वेल्डिंगची ओबडधोबड रेघ.

"इथून सुरू केलं तिनं," नाना म्हणाले. "हात घाबरल्ता. बघा, टाके कसे लांब लांब पडलेत. इथं जरा जमाय लागलं. आन् ही गाठ लागती का बोटाला? इथं तिच्या आईनं जेवायला हाक मारली. आले म्हणली आन् थांबली. परत आली तवर जोड गार झाल्ता. मी म्हणलं, घासून टाक गाठ. तर म्हणली, राहू द्या बाबा, कुठं थांबले ते कळतं."

नानांनी फडक्यानं ती गाठ पुसली.

"झडप बसवायची तर इथंच कापावं लागतं. दुसरीकडं जागाच न्हाई. बाकी भिंतीवरचं समदं खोटं हाय."

मग थोड्या वेळानं, बॉनेटच्या आतच बघत, ते म्हणाले की ती येते तेव्हा मी अजून ठरलं नाही म्हणतो, मग ती म्हणते पुढच्या टायमाला बघू, आणि पुढचा टाईम म्हणाली की मला बरं वाटतं. आता पुढचा टाईम लई लांब गेला.

तीन वर्षं मी या माणसाला हसत होतो. त्याला न विचारता भाच्याला ग्राइंडर घेऊन बोलावणारा मीच. मला माझी लाज वाटली, आणि चटकन ठरवण्याचा जो अभिमान मी बाळगून होतो, तो त्या दुपारपासून जरा कमी झाला.

आशू आली ती शुक्रवारी. केस कापलेले, पाठीवर बॅग, पण पायरी चढता चढता तोच प्रश्न. नाना म्हणाले, उद्या बघू. शनिवारी सकाळी लाईट नव्हती. लाईट आली तेव्हा ग्राइंडरची चकती झिजलेली निघाली. नवी चकती मी स्वतः ढकलस्कूटरवरून बाजारातून आणून दिली, तर नानांना एकाएकी एका ट्रॅक्टरचं काम आठवलं, जो ट्रॅक्टर मला कुठं दिसला नाही. आशू दिवसभर ओट्यावर बसून आईला भाजी निवडू लागली. तिचा चेहरा उतरला होता. रविवार शेवटचा दिवस होता. सोमवारी सकाळी तिची पुण्याची बस होती.

रविवारी सकाळी काकू गॅरेजात आल्या. एरवी त्या गॅरेजात पाऊल टाकत नाहीत, साडीला ऑइल लागतं म्हणून. देव्हाऱ्याखालचं खोकं त्यांनी नानांच्या पुढ्यात ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पोरगी तिकडं जाऊन मन लावून काम करणार हाय का न्हाई? मंग तिचं हिकडचं काम अर्धं ठेवून कामून पाठवता तिला?"

नानांनी खोकं उघडलं. बराच वेळ झडप हातात फिरवून पाहिली. मग आशूला म्हणाले, "कापतो मी. जोड तू मार."

मी भिंतीला टेकून उभा होतो, म्हणून हे मला दिसलं. आशूनं खडूनं मॅनिफोल्डवर रुपयाएवढं वर्तुळ काढून दिलं. नानांनी ग्राइंडर चालू केला. ज्या माणसाचा हात केसाइतका इकडेतिकडे होत नाही, त्यानं वर्तुळाच्या बाहेरून, चांगलं दोन बोटं लांबून कापायला घेतलं. ठिणग्या उडत होत्या, आशू ओरडत होती, पण त्यांना जणू ऐकूच येत नव्हतं. तुकडा खाली पडला. आशू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, एवढं मोठं भोक कामून पाडलं? आता अर्ध्याला पट्टी जोडावी लागंल."

"हात चुकला, माय," नाना म्हणाले.

त्यांनी फडक्यानं तो गरम तुकडा उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. खिशाला लगेच डाग पडला. गाठ त्या तुकड्यात पुरी होती. आशू पट्टीचं माप घेत होती, तिनं पाहिलं नाही.

दुपारपर्यंत तिनं पट्टी बसवली, मग झडपेच्या तोंडाचा नळ उभा केला आणि शेवटचा जोड मारायला बसली. आता तिचा हात बघण्यासारखा होता. टाके एकसारखे, बारीक, सराईत. कुठंही थांबत नव्हती. नाना तिच्या खांद्यावरून बघत होते. अर्ध्यावर आल्यावर ते हळूच मागे सरकले, दारात गेले आणि घराच्या दिशेनं तोंड करून काकूंना म्हणाले, "तिला जेवायला हाक मार."

आतून काकू म्हणाल्या, भाकरी अजून तव्यावर आहे.

"असू दे. तरी मार."

काकूंनी हाक मारली. "आशू, जेवायला ये ग."

"आले," म्हणून आशूनं हात थांबवला, चेहऱ्यावरचा मुखवटा वर केला आणि कुरकुरली, "ह्या आईला बराबर वेल्डिंग चालू असतानाच आठवतं." नाना मान खाली घालून हात पुसत होते. भाकरी व्हायला आणखी दहा मिनिटं लागली. तोवर जोड गार झाला.

जेवून आल्यावर तिनं राहिलेलं पुरं केलं. झडपेतून धूर बाहेर सोडणारा पाईप मुख्य नळाला जोडायचा की मोकळा ठेवायचा, असा प्रश्न निघाला. जोडला तर गाडी शांत, मोकळा ठेवला तर किंचाळणार. मला वाटलं, आता आणखी तीन वर्षं गेली. पण नाना ताबडतोब म्हणाले, "मोकळं ठेव." माझ्या दुपारच्या झोपेचं कारण त्यांनी काढलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

सोमवारी सकाळी आम्ही तिला हायवेवरच्या बसथांब्यावर सोडायला गेलो. नाना गाडी चालवत होते, शेजारी आशू, मागे काकू आणि मी. अर्ध्या किलोमीटरचं अंतर, त्यात झडप उघडण्याचा प्रश्नच नव्हता. बस आली. आशू नानांच्या पाया पडली, माझ्या पडली, आईच्या गळ्यात पडली. काकूंनी तिच्या हातात दशम्यांचा डबा दिला आणि त्या तशाच तोंड फिरवून घराकडे चालू लागल्या. बसचं दार लागलं. नाना बस वळेपर्यंत हात वर करून उभे होते. मग गाडीत बसले, मला म्हणाले, "बसा पुढं," आणि गाडी घराकडे न वळवता बसच्या मागे घातली.

मी विचारलं, कुठं? त्यांनी गिअर बदलला.

पुलाच्या अलीकडे बस वेगात आली होती. उजव्या बाजूचा रस्ता मोकळा होता. नानांनी गाडी त्या बाजूला काढली, आणि ज्या माणसानं इतकी वर्षं साठवर पाय सोडला, त्यानं पाय तळाशी नेला. माझी पाठ सीटला चिकटली. लाल रेघेकडे काटा धावला, रेघेवर आला, आणि त्याच क्षणी गाडीच्या पोटातून असा काही कर्कश आवाज सुटला की मी दोन्ही कानांवर हात ठेवले. कारखान्याचा भोंगा कानात ठेवल्यासारखा. पुलाच्या कठड्यांवरून तो घुमत होता, खाली गोदावरीच्या पात्रातले बगळे उडाले. आम्ही बसच्या बरोबरीनं चाललो होतो. काचा काळ्या होत्या, आतलं काही दिसत नव्हतं. नाना बसकडे बघतही नव्हते. समोर रस्ता आणि मध्ये मध्ये काटा, एवढंच बघत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पूल संपेपर्यंत त्यांनी पाय उचलला नाही.

पूल संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. बस पुढे निघून गेली. कानात अजून शिट्टी वाजत होती, तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, पण आशूचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती रडत होती की हसत होती, ते मला नीट कळलं नाही.

"बाबा, काटा कुठं थांबला?"

"रेघंवर, माय," नाना म्हणाले. "बराबर तुझ्या रेघंवर."

परत येताना त्यांनी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. झडप उघडली नाही, आवाज आला नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस नाना गॅरेजात मन लावून काम करत होते. मी दोन-तीनदा डोकावलो. ट्रॅक्टर होते, गिऱ्हाईकं होती, पान्हा कानाला लागत होता, पण पाहुण्यांना आता नुसता चहाच मिळत होता. गाव जरा मुकं झाल्यासारखं वाटलं. गंमत म्हणजे मलाच करमेना. संध्याकाळी ओट्यावर बसलो की वाटायचं, कुणीतरी येऊन विचारावं.

मग एके दिवशी दुपारी, माझ्या झोपेच्या बरोबर वेळेला, नाना आले. हाताला खडू लागला होता. चला म्हणाले, दाखवायचंय. मी चपला घालून गेलो. मागची भिंत ओल्या फडक्यानं पुसून काढली होती. कोनाड्यात, विश्वकर्म्याच्या तसबिरीपाशी, तो कापलेला तुकडा ठेवला होता, गाठ वर करून. आणि भिंतीवर नवे दोन रकाने आखले होते. एकावर 'ठेवावं', दुसऱ्यावर 'काढावं'. खाली दोन्हीकडे एकही ओळ नव्हती.

"गुरुजी, मला वाटून राह्यलं," नाना म्हणाले, "हे बाहेरचं काढून परत आतलंच बसवावं का? काढायचं तर तिलाच यावं लागंल. दुसऱ्याच्या हातचं ते काम न्हाई. तुम्हाला काय वाटतं?"

मी भिंतीकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कशाचीच घाई वाटली नाही.

"असं उभ्या उभ्या नाही सांगता येणार, नाना," मी म्हणालो. "दोन्ही बाजू बघाव्या लागतील."

"किती दिवस लागतील?"

"दोन वर्षं तरी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातला खडू माझ्या हातात दिला आणि बसायला स्टूल पुढे सरकवलं.

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. मी थोडा वेळ वाट पाहिली, पण त्याच्यापुढे या वेळी 'पण' आला नाही.